सहा रिकाम्या गोलांचं प्रकरण

१

सापळे शेवटी कोळझरीलाच मिळाले, गुन्हेगार दोन निघाले, आणि दोघांनाही चहा देण्यात आला.

हे वाक्य इथे चुकून पडलं आहे. तुम्ही ते वाचलेलं नाही आणि मी ते लिहिलेलं नाही. सध्या शुक्रवार आहे, सकाळचे पावणेदहा वाजलेत, कुणाला काहीही मिळालेलं नाही, आणि बाभुळगावच्या काळी माती शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयात चार माणसं एका भिंतीसमोर उभी आहेत. त्यातली एक रडण्याच्या बेतात आहे, एक खूश आहेत पण तसं दाखवत नाहीत, एक काहीतरी मोजते आहे, आणि चौथा मी. मी जीवन, कंपनीचा लेखनिक. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला दिसत नव्हतं.

भिंतीवर आठ फूट बाय चार फुटांचा नवा कोरा फ्लेक्स होता. दोन वाजता जिल्ह्याहून समिती येणार होती. समितीकडे एका गावाला पुरतील एवढे कामगंध सापळे होते. या सापळ्याच्या वासाला भुलून गुलाबी बोंडअळीचे पतंग आत शिरतात आणि मग बाहेर येत नाहीत. सगळ्या शिवारात लावले तर त्या शिवाराची कपाशी वाचते. आमच्या सहा गावांपैकी जिथे पतंग सर्वांत जास्त, त्या गावाला हे सापळे द्यायचे ठरले होते.

ते गाव कोळझरी. तिथल्या नमुन्याच्या सापळ्यात आठवड्याला शहाण्णव पतंग सापडले होते. कोळझरीच्या तांड्यावरच्या मोतीबाईंनी ते एकेक करून मोजले होते. आत्ता भिंतीसमोर मोजत उभ्या होत्या त्याही मोतीबाईच.

फ्लेक्सवर सहा गावांचे सहा गोल होते. सर्वांत मोठा गोल सुकळीचा होता. सुकळीत सहा पतंग सापडले होते. आणि सुकळी हे आमचे अध्यक्ष वामनराव यांचं गाव.

"हे मी केलेलं नाही," निकिता म्हणाली.

"छान दिसून राह्यलं पण," वामनराव म्हणाले.

२

निकिता आर्णीची. पुण्यात चार वर्षं आकड्यांची चित्रं काढणारे प्रोग्राम लिहून ती परत आली आणि आमच्याकडे लागली. तिला जगात एकाच गोष्टीचा राग होता, बार चार्टचा. बार चार्ट म्हणजे आकड्यांचे खांब: मोठा आकडा उंच खांब, लहान आकडा बुटका. मला तो चार मिनिटांत काढता येतो. त्याव्यतिरिक्त मला काहीच काढता येत नाही.

गेल्या वर्षी याच समितीला मी पतंगांचा बार चार्ट दाखवला होता. समिती त्याच्यासमोर अर्धा मिनिट थांबली, त्यांना तो पावसाचा तक्ता वाटला, आणि त्यांनी आम्हाला एक पर्जन्यमापक मंजूर केला. सध्या आम्ही त्यात पेनं ठेवतो. कोळझरीची बोंडं त्या वर्षी अळीने आतून खाल्ली. मोतीबाईंनी पर्जन्यमापकाकडे एकदा पाहिलं होतं, नंतर कधीच नाही.

म्हणून निकिताने आल्या दिवशीच फळ्यावर लिहिलं, ‘या कार्यालयात खांब उभे करू नयेत.’ मग तिने आम्हाला खांबाऐवजी काय काय करता येतं ते दाखवायला सुरुवात केली. बारीक काडी आणि टोकाला गोळी. गोधडीसारखे चौकोन, एका गावाचे जितके पतंग तितकी ठिगळं. आकड्यांची नदी, कुठे फुगलेली, कुठे आटलेली. शेवटी तिने गोल निवडले.

"जितके पतंग, तितका रुंद गोल," बुधवारी तिने कॉम्प्युटरवर दाखवून सांगितलं. "यात न समजण्यासारखं काय आहे?"

न समजण्यासारखं काहीच नव्हतं. कोळझरीचा गोल पडद्यावर पातेल्याच्या झाकणाएवढा होता. वामनरावांनी खिशातून रुमाल काढला आणि ते पडद्याच्या कोपऱ्यात पडलेला फुटाणा पुसायला लागले. तो फुटाणा नव्हता, सुकळी होती. पुसली गेली नाही. त्यानंतर बैठक संपेपर्यंत वामनराव काही बोलले नाहीत, आणि हे आमच्या कंपनीत पहिल्यांदाच घडत असल्यामुळे मी ते इतिवृत्तात नोंदवलं.

गुरुवारी निकिताने फाइल बसस्टँडमागच्या अब्रारच्या फ्लेक्सच्या दुकानात पाठवली. शुक्रवारी सकाळी गुंडाळी आली. आम्ही ती उघडून टांगली, आणि मग वर सांगितलेलं बोलणं झालं.

शेवटी मोतीबाईंनी तोंड उघडलं. त्यांचं मोजून झालं होतं.

"खालचे पाच गोल सारखे हायेत," त्या म्हणाल्या. "पाची गावात बरोबर तेवढेच पतंग? अन् आकडे कुठं गेले? माहे शहाण्णव कुठं गेले?"

खरंच, गावांच्या नावाखाली निकिताने टाकलेले आकडे फ्लेक्सवरून नाहीसे झाले होते.

३

आमच्या कार्यालयाच्या खाली मलिकाखालांचं लेडीज टेलरचं दुकान आहे. निकिताने सकाळी फ्लेक्सची कड कापायला त्यांची मोठी कात्री नेली होती. ती परत घ्यायला त्या वर आल्या, आणि कात्री न घेता खुर्चीवर बसल्या.

मलिकाखाला तीस वर्षं मापं घेतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, कमरेचं माप विचारल्यावर माणूस जेवढे इंच कमी सांगतो, तेवढं खोटं तो बाकी सगळ्या गोष्टींतही बोलतो. पोलिसांना हे शिकवलं जात नाही याचं त्यांना वाईट वाटतं.

त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि आधी वामनरावांना विचारलं. वामनराव छत्तीस म्हणाले. टेप बेचाळीस म्हणाली.

"सहा इंचाचा माणूस," खालांनी मला सांगितलं. "लिहून ठेव. ह्याच्या बोलण्यातून तेवढं कापत जायचं."

वामनरावांनी जबानी दिली की ते या महिन्यात अब्रारच्या दुकानाच्या आसपासही गेलेले नाहीत. सहा इंच कापल्यावर निघालं की सोमवारी गेले होते, पण स्वतःच्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी. तो फ्लेक्स आमच्या खिडकीबाहेरच बांधला होता. त्याचं तोंड रस्त्याकडे असल्यामुळे आम्हाला सोमवारपासून फक्त त्याची पांढरी पाठ दिसत होती आणि वारा बंद झाला होता. त्यांचा संशय मोतीबाईंच्या मोजणीवर होता. शहाण्णव हा आकडा त्यांना पहिल्यापासून जास्त नीटनेटका वाटत होता.

मोतीबाईंना माप विचारताच त्यांनी टेप स्वतःच लावली आणि पाऊण इंचासकट सांगितलं. त्यांचा संशय माझ्यावर होता. "ह्या पोट्ट्याले खांबच आवडते. गोल बिघडोले की खांब येतीन, असं त्यानं मनात धरलं असंन."

माझं माप मला माहीत नव्हतं, आणि तसं मी सांगितलं. खालांनी मला सोडून दिलं. संशयितांच्या यादीत माझं नाव सुमारे दोन मिनिटं होतं. एरवी मी कुठल्याच यादीत नसतो.

निकिताने खरं माप सांगितलं. तिचा संशय अर्थातच वामनरावांवर होता, आणि खरं तर सगळ्यांचाच होता. वामनरावांचाही थोडाफार असावा, कारण ते सारखे फ्लेक्सकडे बघून मिशीवरून हात फिरवत होते.

राहिला अब्रार. तो फोनवर होता. पण खालांनी त्याच्या निकाहची शेरवानी शिवली होती, आणि तेव्हा तो अर्धा इंचही खोटं बोलला नव्हता.

"खाला," अब्रार फोनवर म्हणाला, "फाइलमधे नव्हतं असं एक अक्षर मी टाकलं नाही. कसम. निकिता मॅडमलेच विचारा, मी तर शेवटपर्यंत थांबलो होतो."

कशासाठी थांबला होता, हे सांगण्याआधी त्याची लाइन कटली. खालांनी निकिताचा फोन मागितला आणि कालचे मेसेज मला मोठ्याने वाचायला लावले. दोनच होते. अब्रारचा: ‘फोटो राहिले.’ निकिताचा: ‘फोटो नको. आहे तसंच छापा.’

"मला वाटलं सापळ्याचे फोटो म्हणत असेल," निकिता म्हणाली.

मलिकाखाला उठल्या, फ्लेक्सजवळ गेल्या आणि त्यांनी एका गोलाच्या कडेवरून बोट फिरवलं. तिथे बारीक सोनेरी पट्टी होती. सहाही गोलांना होती.

"ही तू लावली?"

"मी कशाला सोनेरी पट्टी लावू? पतंग आहेत ते."

खालांनी टेप गुंडाळली. "चोर सापडला," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून तुमच्या खिडकीत उभा हाय."

आम्ही सगळे खिडकीकडे वळलो. खिडकीत फ्लेक्सची पांढरी पाठ होती, आणि तिच्यामागे कोणीही नव्हतं.

४

खालांनी आम्हाला जिना उतरवून रस्त्यावर नेलं आणि पलीकडच्या पानठेल्यापाशी उभं केलं. तिथून वामनरावांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स समोरून दिसत होता. खाला तो पाच दिवस रोज दुकान उघडताना बघत होत्या. आम्ही तो पहिल्यांदाच नीट बघत होतो.

वरती मधोमध एक मोठा गोल. त्यात फेटा बांधलेले वामनराव. त्याखाली एका रांगेत सारखे पाच गोल. त्यांत पाच शुभेच्छुक. प्रत्येक गोलाला सोनेरी पट्टी.

"आता वरचा डोळ्यापुढं आणा," खाला म्हणाल्या. "तेच सहा गोल. फक्त तोंडं नाही."

निकिता रस्त्याच्या कडेला ठेवलेल्या बाकावर बसली.

"ज्याले खोटं करायचं असते," खाला पुढे म्हणाल्या, "तो आकडा बदलवते, खोडत नाही. वामनभाऊले आपला गोल मोठा करून पाह्यजे होता तर बाकीचे पाच सारखे करत कोण बसलं असतं? एवढी मेहनत ह्यानं जिंदगीत केली नाही. हे चोराचं काम नाही. हे सवयीचं काम हाय."

वामनरावांना आपण निर्दोष सुटलो याचा आनंद कसा व्यक्त करावा ते कळलं नाही.

एवढ्यात अब्रार स्वतःच गाडीवरून आला. त्याला लपवण्यासारखं काही केलं आहे असं वाटतच नव्हतं. उलट त्याचीच तक्रार होती. त्याचं म्हणणं मी जसंच्या तसं नोंदवलं आहे. फ्लेक्सवर गोल म्हणजे फोटो. गोलाचा दुसरा उपयोग त्याने अठरा वर्षांत पाहिला नाही. फाइलमधले गोल रिकामे होते म्हणजे फोटो यायचे होते. सुकळी लिहिलेल्या गोलात सुकळीचा माणूस, म्हणजे अध्यक्ष. अध्यक्ष वर आणि मोठे, बाकी पाच सदस्य खाली आणि सारखे. यात कमी-जास्त केलं की दुसऱ्या दिवशी कोणीतरी दुकानात येऊन उभं राहतं. गेल्या पोळ्याला एका माजी सरपंचाचा गोल सुपारीएवढा लहान झाला, तर त्याने बैलासकट येऊन जाब विचारला होता.

"आणि माझे आकडे?" निकिताने विचारलं.

"कोणते आकडे, मॅडम?"

"नावाखाली होते ते. शहाण्णव, तीस, चोवीस."

अब्रारने तिच्याकडे फार समजुतीने पाहिलं. "मॅडम, ते मोबाइल नंबर अर्धवट होते. दोन आकड्यांचा नंबर छापला असता तर लोकं हासले असते. म्हणून काढून टाकले."

पानठेलेवाला चुना लावता लावता थांबला.

इथे प्रकरण संपायला हरकत नव्हती. पण मलिकाखाला अजून टेप गळ्यात टाकत नव्हत्या.

"एक सांग, अब्रार," त्या म्हणाल्या. "खालचे सारखे केले, ठीक. पण सुकळीले हात लावायच्या आधी तो गोल केवढा होता?"

"टिकलीएवढा," अब्रार म्हणाला. "तोच तर घोळ होता, खाला. त्याच्यात अध्यक्षसाहेबांचं नाकसुद्धा बसत नव्हतं. एवढा बारीक नसता तर मी कायले हात लावला असता? आहे तसाच छापला असता."

खालांनी निकिताकडे पाहिलं. "चल वर. दुसरा गुन्हेगार बाकी हाय."

५

साडेअकरा वाजले होते. निकिताने कॉम्प्युटर लावला आणि मूळ चित्र उघडलं. खालांनी पडद्यावर टेप धरली. कोळझरीचा गोल आठ इंच रुंद. सुकळीचा अर्धा इंच.

"पतंग किती पट?" त्यांनी विचारलं.

शहाण्णव भागिले सहा. "सोळा पट," निकिता म्हणाली. "आणि रुंदीही सोळा पट. बरोबर आहे ना? जितके पतंग तितका रुंद."

"मोतीबाई," खाला म्हणाल्या, "तुमच्या नातीचा अंब्रेला घागरा शिवला होता, एक हात लांबीचा. तोच दोन हात लांब करायचा तर कापड किती लागंन? दुप्पट?"

"दुप्पटीत कुठं होते," मोतीबाई म्हणाल्या. "चौपट लागते. गोल हाय ना तो. चारी बाजूनं वाढते."

निकिताचा हात की-बोर्डवर होता, तो तिथेच राहिला. तिने प्रोग्राममधली एक ओळ उघडली आणि तिच्याकडे बघत बसली. मी खांबांचा माणूस, मला त्यातलं कळत नाही. पण ती ओळ एवढीच होती की गोलाची त्रिज्या म्हणजे पतंगांची संख्या.

"माणूस गोलाची रुंदी नाही पाहात, बेटा," खाला म्हणाल्या. "कापड पाह्यते. रुंदी सोळा पट, तर कापड सोळा सोळे किती?"

"दोनशे छप्पन," निकिता म्हणाली. "रुंदी चारच पट हवी होती. वर्गमूळ घ्यायला हवं होतं. मी सुकळीचा फुटाणा केला, म्हणून त्याने तो मोठा केला." ती मोतीबाईंकडे वळली. "पण चूक तुमच्या बाजूची होती, मावशी. कोळझरी खूप मोठी दिसली असती. सापळे नक्की मिळाले असते."

मोतीबाईंनी पडद्याकडे पाहिलं. त्या दर सोमवारी सकाळी सापळ्याची पिशवी वर्तमानपत्रावर उलटी करतात आणि बोटभर काडीने एकेक पतंग बाजूला सारतात. अर्धवट तुटलेला पतंग असला तर त्याचा दुसरा अर्धा शोधतात, दोनदा मोजला जाऊ नये म्हणून.

"काहून?" त्या म्हणाल्या. "शहाण्णव कमी होते का?"

निकिताने उठून फळ्यावरचं ‘खांब उभे करू नयेत’ पुसलं आणि तिथे वर्गमूळाचं चिन्ह काढलं. मग अब्रारला विचारलं की नवा फ्लेक्स दोनपर्यंत निघेल का. अब्रारने सांगितलं की त्याच्या भागात चार वाजेपर्यंत लाइट नाही, मघाशी फोन चार्ज नव्हता म्हणून तर कटला.

वामनराव खाकरले. "जीवन चार मिनिटांत खांब काढून देते म्हणतात."

सगळ्यांनी पर्जन्यमापकाकडे पाहिलं. मी त्यातून एक पेन घेतलं, उगाच.

६

"टिकलीएवढा," निकिता अचानक म्हणाली. "खाला, तुमच्या दुकानात टिकल्या किती आहेत?"

खालांकडे काउंटरवर टिकल्यांची पाकिटं असतात. ब्लाउज वेळेवर तयार नसला की त्या एक पाकीट देतात, त्यामुळे साठा भरपूर असतो. सहा गावांचे मिळून पतंग एकशे शहाऐंशी होते. आम्ही फ्लेक्स उतरवला, उलटा केला आणि पांढरी पाठ पुढे करून टांगला. अब्रारने मार्करने गावांची नावं लिहिली. सवयीने तो सुकळीभोवती सोनेरी पट्टी काढायला लागला, तेव्हा खालांनी त्याच्या हातावर टेप मारली.

"एक पतंग, एक टिकली," निकिता म्हणाली. "गोल नाही, खांब नाही, वर्गमूळ नाही. कोणाला काही वाटायलाच नको."

सुकळीच्या सहा टिकल्या माझ्याकडे होत्या. मी त्या एकावर एक नीट उभ्या रेषेत लावल्या. निकिताने नुसतं पाहिलं. मी त्या काढून विस्कटून लावल्या.

कोळझरीच्या शहाण्णव टिकल्या मोतीबाईंनी एकट्यांनी लावल्या. मरून रंगाच्या. कोणाला हात लावू दिला नाही. प्रत्येक टिकलीला त्या पुटपुटत आकडा म्हणत होत्या, आणि शेवटची लावली तेव्हा एक वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

समिती सव्वादोनला आली. तीन जण होते. पुढच्या मॅडम दारातून आत आल्या, भिंतीपाशी थांबल्या, आणि कोणी काही सांगायच्या आत त्यांचा तळहात कोळझरीच्या टिकल्यांवर गेला. अंधारात भिंत चाचपावी तसा त्यांनी तो सगळ्या गर्दीवरून फिरवला.

"हे काय आहे?"

"पतंग, मॅडम," मोतीबाई म्हणाल्या. "एकूनएक मीच मोजला."

मॅडम मोजायला लागल्या, तेवीसपर्यंत गेल्या, थांबल्या. मग सुकळीच्या सहा टिकल्यांकडे पाहिलं. मग सोबतच्या माणसाला म्हणाल्या, "कोळझरी लिहा." फाइल भिंतीला टेकवून त्यांनी तिथेच सही केली. वामनरावांनी टाळ्या वाजवल्या आणि पाच जणांनी पाहिल्यावर वाजवणं थांबवलं. मी सगळ्यांना चहा दिला. अब्रारला आणि निकितालाही दिला.

जीप गेल्यावर मोतीबाई सापळ्यांच्या पावतीवर सही करायला बसल्या. पेन हातात घेऊन त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, आणि ओठ हलायला लागले. मग पेन खाली ठेवलं.

"पंच्याण्णव हायेत," त्या म्हणाल्या.

आम्ही फरशी पाहिली, टेबलाखाली पाहिलं, एकमेकांच्या पाठी पाहिल्या. मग निकिताला आठवलं की फाइल भिंतीला टेकवली होती. मोतीबाईंनी पावतीवर सही करायला नकार दिला नाही. आकडा पुरा झाल्यावर करीन, एवढंच म्हणाल्या. सापळे कोळझरीच्या शिवारात लागले आहेत, पतंग त्यात अडकत आहेत, पावती मात्र अजून माझ्या ड्रॉवरमध्ये कोरी आहे. म्हणून अध्यक्षांच्या सहीने पुढील पत्र पाठवलं आहे.

विषय: एक (१) नग टिकली परत मिळणेबाबत.

महोदया, उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, दिनांक शुक्रवार रोजी आपल्या पाहणीदरम्यान मौजे कोळझरी येथील एक नग पतंग (टिकली स्वरूपात, रंग मरून) आपल्या फाइलच्या मागील बाजूस चिकटून अनवधानाने जिल्हा मुख्यालयी स्थलांतरित झालेला आहे. त्यामुळे आमच्या अभिलेखात एका पतंगाची तूट येत असून श्रीमती मोतीबाई यांची सही प्रलंबित आहे. सबब विनंती की, सदर टिकली तिचा चिकटपणा अबाधित ठेवून रजिस्टर पोस्टाने परत पाठवावी. ते शक्य नसल्यास, एक पतंग आपल्या कार्यालयात हजर असल्याचा दाखला आपल्या सही-शिक्क्यानिशी देण्यात यावा. आणि दाखला घेऊन जिल्ह्याहून येणाऱ्या वाहनाने परतीच्या फेरीत गतवर्षीचा पर्जन्यमापक, त्यातील पेनं वगळून, घेऊन जाण्याची कृपा व्हावी.